जुन्या बेंटलीचे खरेदीखत

इ. स. १९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे जो कज्जा निकालासाठी आला, त्याचा मजकूर वरवर पाहता अगदी साध्या देवघेवीचा होता. एका गृहस्थाने आपल्या मालकीची जुनी बेंटली मोटार सुमारे एक कोटी पौंडांच्या मोबदल्यात एका कंपनीला विकण्याचा करार केला होता. करार झाल्यानंतर घेणाऱ्या पक्षाच्या मनात शंका शिरली, आणि ज्या गाडीच्या नावावर आपण एवढी रक्कम मोजावयास निघालो ती गाडी ही नव्हेच, असे म्हणून त्याने हात आखडता घेतला. ती गाडी म्हणजे फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ साली आणि पुन्हा १९३० साली जिंकणारी, 'ओल्ड नंबर वन' या नावाने इंग्लंडच्या मोटारशौकिनांत आबालवृद्धांना ठाऊक असलेली स्पीड सिक्स. न्यायमूर्तींना ठरवावयाचे होते ते एवढेच, की साठ वर्षांच्या अवधीत जिचे इंजिन बदलले, जिची चासी बदलली, जिच्या अंगावरचा साज कितीदा उतरला आणि कितीदा चढला, ती गाडी तीच राहते काय.

हा प्रश्न आपल्याकडील दिवाणी न्यायालयांना नवा वाटू नये. वाड्याचे आढे बदलले, कौले गेली आणि पत्रे आले, भिंती नव्याने उचलल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ज्या घराण्याकडे आहे त्याच्या नावाने तो वाडा ओळखला जातो. आणि जीर्णोद्धार झालेल्या देवळातला देव जुनाच असतो, याविषयी कोणाही भाविकाच्या मनात संदेह नसतो. परंतु देऊळ कोणी विकावयास काढीत नाही. विक्रीचा प्रसंग आला म्हणजेच वस्तूचे खरेपण कागदावर सिद्ध करावे लागते, आणि ज्या माणसाने ती वस्तू वर्षानुवर्षे जिवापाड सांभाळली त्याला आपल्या मायेचा हिशेब परक्या माणसापुढे तपशीलवार मांडावा लागतो. इंग्लंडात जुन्या वेगवान मोटारींच्या विक्रीचा जो एक शिरस्ता गेल्या शंभर वर्षांत घडत गेला, त्याचा इतिहास मला म्हणूनच यंत्रशास्त्राच्या इतिहासाहून अधिक जवळचा वाटतो, आणि तो सांगावयाचा तर बेंटलीपासूनच सांगितला पाहिजे.

वॉल्टर ओवेन बेंटली हे मूळचे रेल्वेच्या कारखान्यातले उमेदवार. डॉनकास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या लोहशाळेत आगगाडीच्या इंजिनांवर त्यांचा हात बसला, आणि मजबुतीविषयीची जी निष्ठा तेथे त्यांच्या अंगी मुरली ती पुढे त्यांच्या प्रत्येक मोटारीत उतरली. १९१९ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली, लंडनच्या क्रिकलवुड भागात कारखाना उभारला, आणि १९२१ च्या सप्टेंबरात पहिली तीन लिटरची गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली केली. या गाडीला कारखान्याची पाच वर्षांची हमी असे, आणि त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. कारखाना विकत असे ती केवळ चासी, म्हणजे चाके, इंजिन, गिअर आणि सुकाणू यांसह उघडा सांगाडा. त्यावरची काया गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या गाडीसाजकाराकडून, व्हँडेन प्लास, मुलिनर, गर्नी नटिंग अशा पेढ्यांपैकी एखादीकडून, वेगळे पैसे मोजून घडवून घ्यावयाची. सबब बेंटलीचा देह जन्मापासूनच दोन घरांतून आलेला असे, आणि वस्त्र बदलावे तशी तिची काया पुढे बदलता येई. साठ वर्षांनंतरच्या कज्ज्याचे बीज या प्रथेत पेरलेले होते.

शर्यतींची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. ल माँची शर्यत बेंटलीने १९२४ साली जिंकली, आणि मग १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीने चार वर्षे जिंकली. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटो यांचे पुत्र वुल्फ बार्नाटो यांनी कंपनीत पैसा ओतला, १९२६ साली ते तिचे अध्यक्ष झाले, आणि स्वतः चक्र हाती घेऊन तीनदा ल माँला उतरले ते तिन्ही वेळा जिंकूनच परतले. त्यांपैकी शेवटचे दोन विजय, १९२९ साली सर हेन्री बर्किन यांच्या जोडीने आणि १९३० साली ग्लेन किडस्टन यांच्या जोडीने मिळविलेले, याच 'ओल्ड नंबर वन'चे. दुसऱ्या विजयानंतर कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले. गाडी मात्र ब्रुकलंड्सच्या कलत्या सिमेंटी वर्तुळावर धावतच राहिली, आणि तेथे सप्टेंबर १९३२ मध्ये, आठ लिटरचे इंजिन बसविलेल्या अवस्थेत, वरच्या कडेवरून बाहेर फेकली जाऊन तिने क्लाइव्ह डन्फी या तरुण चालकाचा बळी घेतला. बार्नाटो यांनी ती मोडीत काढली नाही. दुरुस्त करून तिच्यावर बंदिस्त कूपेची काया चढविली. ज्या गाडीने आपल्याला दोनदा यश दिले आणि आपल्या मित्राला गिळले, तिला घरात पुन्हा जागा देणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

दरम्यान कंपनीवरच संकट कोसळले होते. जागतिक मंदीच्या ऐन भरात, जिच्या नुसत्या चासीची किंमत १८५० पौंड अशी आठ लिटरची अजस्र गाडी बेंटलींनी काढली. तिच्या अवघ्या १०० प्रती निघाल्या. १९३१ च्या उन्हाळ्यात बार्नाटो यांनी हात वर केले आणि कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. नेपिअर कंपनी ती घेणार, आणि बेंटली तेथे जाऊन नव्या गाडीचे काम करणार, असे जवळजवळ ठरल्यासारखे झाले होते. पण न्यायालयात प्रत्यक्ष बोली उघडण्याचा दिवस आला तेव्हा एका अपरिचित वित्तसंस्थेने सुमारे सव्वा लाख पौंडांचा आकडा टाकून मालमत्ता उचलली. त्या संस्थेच्या मागे रोल्स-रॉइस उभी आहे, हे खुद्द बेंटलींनाही काही दिवस कळले नाही. कारखाना गेला, नकाशे गेले, त्यांचे स्वतःचे आडनाव व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्याच्या मालकीचे झाले, आणि ज्या आठ लिटरच्या गाडीतून ते रोज हिंडत फिरत असत ती मुलिनरच्या कायेची गाडीही त्यांना सोडावी लागली. निर्मात्याने आपल्या हातच्या गाडीतून उतरून किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा प्रसंग बेंटलीच्या इतिहासात मला सर्वांत जड वाटतो. त्यात ना लिलावाची हातोडी होती, ना टाळ्या, नुसती फेरिस्तीतली एक नोंद होती.

एवढ्या मोलाच्या गाड्या पुढील दहा-पंधरा वर्षांत कवडीमोल झाल्या, आणि याला एक सरकारी कारण होते. १९२१ पासून इंग्लंडात मोटारीवरील वार्षिक कर इंजिनाच्या 'अश्वशक्ती'वर, दर शक्तीला एक पौंड या दराने घेतला जाई. मात्र ही अश्वशक्ती प्रत्यक्ष ताकदीवरून न मोजता केवळ सिलिंडरचा व्यास आणि त्यांची संख्या यांवरून एका ठराविक सूत्राने काढीत असत. दट्ट्याची धाव किती लांब आहे याचा त्या सूत्रात विचार नव्हता, म्हणून इंग्रज कारागिरांनी सिलिंडर अरुंद आणि धाव लांब ठेवण्याची युक्ती अवलंबिली; बेंटलीच्या साडेचार लिटरच्या इंजिनात १०० मिलिमीटर व्यासाला १४० मिलिमीटर धाव दिलेली आढळते. तरीही स्पीड सिक्ससारख्या सहा सिलिंडरांच्या गाडीवर कर बसे तो सुमारे ३७ पौंडांचा. नव्या श्रीमंताला नवी गाडी हवी असे, आणि मध्यम स्थितीच्या माणसाला हा वार्षिक भार व पेट्रोलचा खर्च झेपत नसे. अशा कात्रीत सापडून बेंटलीसारख्या गाड्या अगदी शंभर पौंडांच्याही आत मिळू लागल्या, आणि कित्येक भंगारात गेल्या.

त्यांना वाचविले ते तुटपुंज्या पगारावरच्या तरुणांनी. १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला, तोच मुळी फारशा श्रीमंत नसलेल्या शौकिनांसाठी. १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली गाडीच 'व्हिंटेज' ही त्यांनी घातलेली मर्यादा पुढे सर्वमान्य झाली. दोन वर्षांनी बेंटली ड्रायव्हर्स क्लब निघाला. 'मोटर स्पोर्ट' या मासिकाच्या छोट्या जाहिरातींतून गाड्या एका हातातून दुसऱ्या हाती जाऊ लागल्या, आणि १९३६ पासून त्या मासिकाचे संपादक झालेले बिल बॉडी अर्धशतकाहून अधिक काळ या जुन्या गाड्यांच्या वंशावळी लिहीत राहिले. १९४२ साली खासगी वापराचे पेट्रोल पूर्ण बंद झाले, तेव्हा रणांगणावर गेलेल्या शिपायांच्या गाड्या विटांवर उभ्या करून गोठ्या-कोठारांतून झाकून ठेविलेल्या होत्या. परत न आलेल्यांच्या गाड्या पुढे त्यांच्या आईबापांनी विकल्या.

विक्रीचा शिरस्ता याच वर्तुळात घडला. १९२० च्या कायद्यान्वये प्रत्येक गाडीला नोंदपुस्तक असे, आणि मालक बदलला म्हणजे त्यात नव्या मालकाचे नाव, पत्ता आणि स्थानिक कौन्सिलचा शिक्का पडे. असे एखादे जुने पुस्तक हाती घेऊन पाहावे. दुमडीवर कागद विरलेला, शाई कोठे निळी तर कोठे तपकिरी झालेली, एका पानावर लष्करी अधिकाऱ्याचे नाव, त्याखाली गावच्या डॉक्टरचे, त्याखाली कोणा विद्यार्थ्याचे. रंग काळा होता तो खोडून हिरवा लिहिलेला, आणि प्रत्येक नोंदीशेजारी वाटोळा शिक्का. आपल्याकडील फेरफाराचे पान चाळताना जसा एका शेताचा शंभर वर्षांचा संसार डोळ्यांपुढून सरकतो, तसेच हे वाचन आहे. गाडीचा क्रमांक जन्मभर गाडीसोबत जाई, म्हणून मालक कितीही बदलले तरी तिचे नाव अढळ राही.

आणि कागदांच्या पलीकडचा एक भाग असे, जो कोणत्याही दस्तात लिहून देता येत नाही. जुन्या बेंटलीत गिअरचा दांडा उजव्या हाताला, दाराच्या अंगाला असतो. वेगाची पट्टी क्लच आणि ब्रेक यांच्या मधोमध. आजच्या गाडीवर हात बसलेला माणूस ब्रेक दाबावयास जातो आणि त्याचा पाय गोंधळतो. दातेरी चक्रे आपोआप जुळवून घेणारी सोय त्या गिअरपेटीत नाही, म्हणून क्लच दाबून दांडा मध्यावर आणावयाचा, क्लच सोडून इंजिन नेमके हवे तितके फिरू द्यावयाचे, कानाने त्याचा सूर ओळखावयाचा, आणि पुन्हा क्लच दाबून दांडा पुढे सारावयाचा. सूर जुळला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो. चुकला तर जी खरखर उठते ती शेजारच्या आसनावर बसलेल्या जुन्या मालकाच्या काळजावरून जाते. हँडल मारून इंजिन सुरू करण्यापूर्वी ठिणगीची वेळ कांडीने मागे घेतली नाही तर हँडल उलटे फिरून मनगट मोडते, हेही त्यानेच सांगावयाचे. इंजिनाचे डोके आणि धड एकाच ओतीव तुकड्याचे असल्याने साधे व्हॉल्व्ह घासावयाचे म्हटले तरी सबंध ब्लॉक उचलून काढावा लागतो. तो कोणत्या कोनात धरला म्हणजे निघतो, हे वर्षानुवर्षे कोपर खरचटून घेतलेल्या माणसाला ठाऊक. आमच्या गावी बैल विकणारा शेतकरी दावे देत नसे, ते घरी परत आणी. घेणाऱ्याने आपले दावे घेऊन यावे, असा रिवाज होता. पण बैलाच्या खोडी मात्र तो वेशीपर्यंत चालत जाऊन सांगे, कोणत्या अंगाने जू ठेवावे आणि कोणत्या ओढ्याला तो बुजतो ते. मोटारीच्या त्या शेवटच्या फेरीचे वर्णन जेव्हा जेव्हा मी वाचतो, तेव्हा मला ती वेस आठवते.

या सांभाळणाऱ्यांनी गाड्या जशाच्या तशा राखल्या, असे मात्र म्हणता येणार नाही, आणि ते लपविण्याचेही कारण नाही. जड बंदिस्त काया उतरवून त्यांनी ल माँच्या धर्तीची उघडी काया चढविली, चास्या कापून आखूड केल्या, तीन लिटरच्या सांगाड्यात साडेचार लिटरचे इंजिन बसविले. गाडी धावती ठेवणे हाच त्यांचा हेतू होता. पुढे कोणी न्यायालयात तिचे अवयव मोजील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. स्मृतीही अशीच फसवी ठरते. मार्च १९३० मध्ये बार्नाटो यांनी फ्रान्समधील कान शहराहून निघून 'ब्ल्यू ट्रेन' या विख्यात आगगाडीशी पैज लावली आणि ती कॅलेला पोहोचण्यापूर्वी लंडनमधील आपला क्लब गाठला. उतरत्या छपराची, गर्नी नटिंगने घडविलेली देखणी कूपे हीच त्या पैजेची गाडी, असे कित्येक दशके सर्वांनी मानले, चित्रकारांनी तीच रंगविली. वस्तुतः ती कूपे बार्नाटो यांच्या हाती मे महिन्यात आली, आणि पैज मारली होती ती मुलिनरच्या कायेच्या दुसऱ्याच एका स्पीड सिक्सने.

१९८० नंतर या प्रांतात धनिकांचा पैसा शिरला, आणि त्यापूर्वी जी गोष्ट दोन शौकिनांच्या इतबारावर चालत असे ती वकिलांच्या मसुद्यावर येऊन ठेपली. 'ओल्ड नंबर वन'चा कज्जा हा त्या स्थित्यंतराचा सर्वांत ठळक दाखला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, जुनी छायाचित्रे भिंगाखाली ठेविली गेली, नटबोल्टांची वंशावळ काढली गेली. निष्पन्न झाले ते हे, की १९२९ च्या गाडीचे खात्रीने दाखविता येईल असे काहीच शिल्लक नाही. १९३० च्या गाडीतून गिअरपेटीचे आवरण, सुकाणूचा दांडा, पायपट्ट्यांचा आडवा दांडा अशा मोजक्याच वस्तू उरल्या आहेत. चासी १९३२ च्या ब्रुकलंड्सच्या गाडीची आहे. एवढे सर्व नमूद करूनही न्यायमूर्तींनी निकाल दिला तो गाडीच्या बाजूने: ही गाडी कधीच नाहीशी झाली नाही, कधीच दोन झाल्या नाहीत, प्रत्येक नवा भाग जुन्या देहात हळूहळू सामावला गेला, आणि कोणत्याही एका क्षणी तिने आपली ओळख टाकली नाही, सबब हीच अस्सल 'ओल्ड नंबर वन'. करार बंधनकारक ठरला.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. त्यावर आजही वाद घालणारे जाणकार आहेत, आणि मूळ धातूविषयीची त्यांची आस्था मला परकी नाही. पण जी गाडी कारखान्याच्या शर्यतविभागात दर हंगामाला उघडून पुन्हा बांधली जात होती, तिच्याकडून अखंड देहाची अपेक्षा करणे म्हणजे तिच्या व्यवसायाचाच विसर पडणे होय. अखंड राहिली ती वहिवाट. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे तिचा कोणता भाग जुना आणि कोणता नवा हे विचारीत नाहीत. ती निघाली, एवढ्यावर त्यांचे समाधान असते. ती न विकली गेलेली गाडी आहे, हे तिचे भाग्य.

बर्किन यांच्या लाल, एकआसनी, सुपरचार्जर बसविलेल्या बेंटलीच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारचे भाग्य आले. बेंटलींना सुपरचार्जरचा मनस्वी तिटकारा; इंजिनात हवा कोंबणे त्यांना अधर्म्य वाटे. बर्किन यांनी डॉरोथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीच्या आश्रयाने तो हट्ट पुरा केला, आणि मार्च १९३२ मध्ये याच गाडीने ब्रुकलंड्सच्या बाह्य वर्तुळाचा उच्चांक ताशी १३७.९६ मैलांवर नेला. पुढच्याच वर्षी बर्किन वारले. कालांतराने ती गाडी आली जॉर्ज डॅनियल्स यांच्याकडे, आणि याहून योग्य घर तिला मिळाले नसते. डॅनियल्स हे घड्याळजी. लंडनच्या दारिद्र्यात वाढलेले, आणि तबकडीपासून काट्यापर्यंत संपूर्ण घड्याळ एकट्याच्या हातांनी घडविण्याची विद्या पुन्हा उभी करणारे. त्यांनी शोधलेली को-अ‍ॅक्शियल एस्केपमेंट ही यंत्रणा १९९९ पासून ओमेगाच्या घड्याळांत आली. मिलिमीटरच्या शतांशात जगणाऱ्या या माणसाने घराशी हा साडेचार लिटरचा गर्जणारा राक्षस बाळगला, तो स्वतः चालविला, आणि हयात असेपर्यंत विकला नाही. २०११ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. पुढच्या जूनमध्ये गुडवुड येथे लिलाव पुकारला गेला आणि गाडी ५० लाख ४२ हजार पौंडांना गेली. त्यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांच्या मालमत्तेचा पैसा घड्याळविद्या शिकणाऱ्या आणि अन्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी स्थापिलेल्या न्यासाकडे गेला.

वॉल्टर ओवेन बेंटली १९७१ च्या ऑगस्टमध्ये वारले. १९३१ साली त्यांना सोडावी लागलेली ती आठ लिटरची गाडी, क्रमांक जी. के. ७०६, मधल्या काळात अनेकांच्या दारी उभी राहिली. २००६ साली त्यांचे आडनाव धारण करणाऱ्या कंपनीने बाजारात जाऊन, रोख किंमत मोजून, ती विकत घेतली, तिची डागडुजी केली, आणि क्रू येथील आपल्या कारखान्यात आणून ठेविली.